मुकुटाखालचा आकडा

इंगोले काकांनी मला आयुष्यात दोनदा गप्प बसायला सांगितलं आणि दोन्ही वेळा मी बसलो नाही. पहिल्या वेळी मी एका नव्वदी ओलांडलेल्या बाईला अर्धा तास सुखी केलं. ते सुख काढून घ्यायचं काम काकांना करावं लागलं. काका आता नाहीत, तेव्हा मला तिसऱ्यांदा गप्प बसवणारं कोणी उरलेलं नाही.

काका नागपूरचे. बायको गेल्यावर मुलीनं, म्हणजे सुषमानं, त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आयर्लंडमधल्या नावनला आणलं. सुषमा तिथल्या हॉस्पिटलात नर्स. बारा-बारा तासांच्या ड्युट्या. आमची घरं एकाच वसाहतीत, समोरासमोर. मी आठवड्यातले तीन दिवस बसनं डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जायचो आणि दोन दिवस घरून काम करायचो, निदान ऑफिसची तशी समजूत होती. त्या दोन दिवसांत काका माझ्या वाट्याला येत.

पहिल्यांदा घरी आले ते माकडटोपी घालून आले आणि टोपी न काढता बसले. चहा बशीत ओतून प्यायले. मग रिकामा कप उलटा केला, खिशातून घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग काढलं आणि कपाचं बूड वाचू लागले. बायकोला वाटलं, कपाला काही चिकटलंय. काकांनी कप ठेवला आणि चमचा उलटा केला. चमच्यानंतर ते खुर्चीवरून उठले आणि खुर्चीही उलटी केली.

"काका, काय शोधताय?"

"कोनं केलं, कधी केलं, अन् कोनं पास केलं. तीन गोष्टी असतात बाप्पा. पहिल्या दोन सगळेच पाह्यतात."

तिसरी गोष्ट म्हणजे काका स्वतः. आपल्याकडच्या एका रायफल कारखान्यात त्यांनी सारी नोकरी एक्झामिनर म्हणून काढली होती. तयार झालेली नळी उजेडाकडे धरायची, आतून पाहायची, निर्दोष असेल तर आपल्या नंबराचा पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका द्यायचा. दोन ठोके दिले की शिक्का दुहेरी उमटतो. शिक्क्याच्या कलण्यावरून तो जेवणाआधीचा की नंतरचा हेही सांगता येतं, असं ते म्हणत. "पोट भरलं का हात तिरपा पडते."

माझ्या दिवाणखान्यात तेव्हा एक पिस्तूल टांगलेलं होतं. डब्लिनजवळच्या डून लेरीच्या रविवारच्या बाजारात मी ते विकत घेतलं होतं. चाप हलत नव्हता, पण नळीवर मुकुट होता, आणि विकणाऱ्यानं ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे असं सांगताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी त्याचा इतिहास सांगायचो, आणि दर पाहुण्यागणिक तो वाढायचा. काकांनाही सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला, पिस्तूल उतरवलं आणि मुकुटावरून अंगठा फिरवला.

"खरा शिक्का ठोकलेला असते. ठोकला का लोखंड बाजूनं वर येते, त्याचा काठ बोटाले लागते. हा काठ गोल हाये. मुकुटासकट साच्यातून पडलं हे."

"म्हणजे मग हे काय आहे?"

"खुंटी हाये," काका म्हणाले, पिस्तूल परत भिंतीवर लावलं आणि त्यावर आपली माकडटोपी अडकवली. मग ते आले की टोपी तिथंच अडकवत. बायकोला ही व्यवस्था फार आवडली.

मला मात्र चटक लागली. काका सुपरमार्केटच्या पावत्यांच्या पाठीवर रायफलीची मान काढून दाखवायचे. दस्त्याला जोडणाऱ्या लोखंडी कड्यावर, उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, त्याखाली कारखान्याचं नाव आणि सर्वात खाली साल. जुना राजा असेल तर ई, त्याच्यानंतरचा असेल तर जी. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं आणि काही वर्षांनी मुकुट गेला, सिंह आले. मी सॉफ्टवेअरवाला, एक नियम कळला की सगळी यंत्रणा कळली असं मानायची आम्हाला सवय असते. 'मुकुटाखाली साल' एवढं मी पाठ केलं. काका पुढं म्हणत होते, "पन मुकुट बारा जागी असते. कोनता मुकुट, ते पाह्यलं पाह्यजे." तेव्हा मी फोनवर एका मीटिंगला हजर असल्याचं दाखवत होतो.

एकदा मी विचारलं, "तुमचा नंबर काय होता काका?"

"एक्केचाळीस," म्हणाले, पेनाचं टोपण लावलं आणि घरी निघून गेले. अर्धा चहा तसाच होता.

आता डेक्लन. डेक्लन आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, सुतारकाम करणारा, मितभाषी. उन्हाळ्यात त्याच्या अंगणात जेवायला बोलावलं होतं तेव्हा मी त्याला, सुषमाकडून ऐकलेलं फुगवून, सांगून ठेवलं होतं की सुषमाचे वडील येणार आहेत आणि ते बंदुकीकडे नुसतं पाहून तिची जन्मतारीख सांगतात. त्यानं "ग्रँड" म्हटलं होतं. तिथं ग्रँड म्हणजे ऐकलं, एवढंच. पण ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला.

गावाबाहेर त्याच्या आईचं, ब्रिजीचं, शेतातलं घर होतं. तिथल्या जुन्या गोठ्याची भिंत पाडताना दगडांच्या मधोमध गोणपाटात गुंडाळलेली रायफल निघाली होती. त्यानं लगेच पोलिसांना कळवलं होतं. दुपारी दोन वाजता गार्डा, म्हणजे तिथला पोलीस, येऊन ती घेऊन जाणार होता. त्याआधी तुझा तो माणूस येईल का, असं तो विचारत होता.

गाडीत त्यानं बाकीचं सांगितलं, रस्त्यावरची नजर न काढता. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं इंग्रज गेल्यावर एकमेकांवर उठली. १९२३ च्या जानेवारीत, चौकात, त्यांच्या शेजारच्या शेतातला पीटर गोळी लागून मेला. ब्रिजीच्या वडिलांनी मारला असं सगळं गाव म्हणालं. खटला झाला नाही, साक्षीदार नव्हता. पण तेव्हापासून त्या दोन घरांतलं कोणी एकमेकांचा उंबरा ओलांडलेला नाही. शेतांच्या मध्ये एकच चर आहे. ब्रिजी पुढं दहा वर्षांनी जन्मली, आणि शाळेत तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. जन्मभर ती एकच सांगत आली: डॅडीकडे बंदूकच नव्हती. आता बंदूक डॅडीच्या भिंतीतून निघाली होती.

"गुरुवारपासून ती धड जेवलेली नाही," डेक्लन म्हणाला. "तिला एवढंच कळायला हवंय. त्या हिवाळ्यात ही रायफल होती, की नंतरची आहे."

मी मागं वळून काकांना मराठीत सांगितलं. काकांना इंग्रजी कळायचं, पण दुभाषी व्हायची संधी मी सोडत नसे.

"समजलं," काका म्हणाले. "साल पाह्यजे."

स्वयंपाकघरात मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यावर ती पडली होती, गंजून तांबडी झालेली. गार्डा आधीच आला होता. रायफल रिकामी आहे हे त्यानं तपासलं होतं आणि आता तो तिच्या शेजारी बसून लोणी लावलेला स्कोन खात होता. अर्धा तास पाहा म्हणाला, माझ्या डोळ्यांसमोर. ब्रिजी टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. लहानखुरी बाई. केस विंचरून, चांगला कार्डिगन घालून, जणू कोणी निकाल वाचून दाखवणार होतं.

काकांनी पुन्हा स्वतः तपासलं की रिकामी आहे. मग केरोसीन मागितलं, फडक्याची घडी भिजवली आणि रायफलीच्या मानेवर, त्या लोखंडी कड्यावर, गुंडाळून ठेवली. गंज सुटायला वेळ लागणार होता. काकांचं वय आणि थंडी, दोन्हींचा जोर एका जागी यायचा. "बाथरूम," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "कोनी हात लावू नका. अन् तू चूप बस."

बाथरूम वरच्या मजल्यावर होतं. काकांना वेळ लागायचा.

पाचेक मिनिटांनी ब्रिजीनं मला विचारलं, "तुला काही दिसतंय का?"

म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवणं बरं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे काकांचं भिंग टेबलावरच राहिलं होतं आणि मला ते डोळ्याला लावायचं होतं. मी लावलं. वाकलो. नळीच्या मुळाशी एवढासा भाग गंजातून वाचला होता, आणि त्यावर स्पष्ट मुकुट होता. मुकुटाखाली चोवीस. त्याच्या खाली एक अक्षर होतं, पण अक्षर माझ्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

"एकोणीसशे चोवीस," मी म्हणालो.

गार्डाचा स्कोन हातातच राहिला. ब्रिजीनं मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो, आणि वर माझ्या पदरचं घातलं: "त्या हिवाळ्यात ही जन्मलीच नव्हती." वाक्य मला त्या क्षणी फार आवडलं. अजून आठवतं म्हणजे बघा.

ब्रिजीनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "मग डॅडी नव्हता," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा सुटला की मी दुसरीकडे पाहिलं. डेक्लननं फोन उचलला. पीटरचा पुतण्या टॉम, तोही ऐंशीचा, चरापलीकडे राहायचा. चर तुंबला तर असावा म्हणून डेक्लनकडे त्याचा नंबर अकरा वर्षं होता, पण कधी लावला नव्हता. आता लावला. टॉम म्हणाला, येतो.

काका खाली आले तेव्हा ब्रिजी कपाटातून चांगले कप काढत होती. काकांनी कपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फडकं सोडलं, पुसलं, दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासलं, भिंग लावलं. बराच वेळ वाकून होते. मग वर न पाहता मराठीत म्हणाले, "काय सांगतलं तू यायले?"

मी सांगितलं.

त्यांनी नळीवरच्या मुकुटावर बोट ठेवलं. "हे साल नाही. हा मानूस हाये. चोवीस नंबरचा एक्झामिनर. त्यानं ही नळी पास केली." मग बोट मानेवर आणलं. "साल इथं हाये."

मुकुट, जी, आर, आणि खाली १९१६. छापल्यासारखं.

मी हलक्या आवाजात, हसरा चेहरा ठेवून, विनवायला लागलो. काका, राहू द्या. गार्डा आत्ता घेऊन जाईल. ही कोणी पुन्हा बघणार नाही. पलीकडचा माणूस शंभर वर्षांनी या घरात येतोय. नव्वदीची बाई आहे, कोणाचं काय जातंय?

"तू बोलून चुकला," काका म्हणाले. "आता मले बोलू दे."

टॉम आला. उंबऱ्याशी थांबला, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मग एक पाऊल आत टाकलं. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला मनुकांचा पाव. ब्रिजीनं त्याच्यासाठी चहा ओतला.

काका उभे राहिले. "मॅडम. सर. धिस मॅन टोल्ड राँग. मार्क इज नाइन्टीन सिक्स्टीन." आणि मग अडखळत, पण स्वतःच्या इंग्रजीत त्यांनी पुढचंही सांगितलं. शिक्क्यावरून बंदूक केव्हा बनली ते कळतं, कोणी झाडली ते कळत नाही. त्या हिवाळ्यात ती होती. याहून जास्त मी सांगू शकत नाही, आणि कमीही सांगणार नाही.

"सोळा," टॉम म्हणाला.

"सोळा."

टॉमनं समोरच्या चहाकडे पाहिलं. ओतलेला चहा सोडून उठणं त्या मुलुखात होत नाही. त्यानं तो उभ्यानंच प्यायला, पूर्ण, गरम असताना. कप बशीत ठेवला. "थँक यू, ब्रिजी," म्हणाला. टोपी घातली आणि गेला. पाव टेबलावरच राहिला. गार्डानं कोणाकडेही न पाहता रायफल गुंडाळली आणि तोही गेला.

ब्रिजी रडली नाही. काकांना म्हणाली, "तुझं काय गेलं असतं? अर्धा तास आणखी, तो चहा पिऊन जाईपर्यंत. काय गेलं असतं?"

काकांना तेवढं इंग्रजी कळलं. उत्तराचं इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतं. मला म्हणाले, "मी सांगतो तसं सांग तिले. आपल्या मनचं काही घालू नको."

मी एकेक वाक्य करत सांगितलं. मी असा दुभाषी आधी कधी झालो नव्हतो आणि नंतरही नाही.

सुषमाच्या बारशाच्या दिवशी काकांना दुपारी लवकर निघायचं होतं. पाळण्याला बांधायची खेळणी घ्यायची होती. टेबलावर बारा नळ्या राहिल्या होत्या. काकांनी त्या उजेडाकडे धरल्या नाहीत. बाराही नळ्यांवर आपला नंबर ठोकला आणि घरी गेले. वर्षभरानं कुठल्याशा छावणीत सरावाच्या वेळी एक नळी फुटली. मारुती नावाचा जवान मेला. फुटका तुकडा चौकशीसाठी कारखान्यात आला तो काकांच्याच टेबलावर, आणि त्यावर मुकुटाच्या जागी सिंह होते आणि सिंहाखाली एक्केचाळीस. साहेब म्हणाले, इंगोले, तुम्ही चूप बसा. काका बसले. जवानानं नळीत चिखल जाऊ दिला, दोष त्याचाच, असा कागद झाला. त्याच्या आईला तसंच कळवलं गेलं.

मी थांबलो. डेक्लन खिडकीपाशी पाठ करून उभा होता.

"आई आहे का ती अजून?" ब्रिजीनं विचारलं.

"माहीत नाही."

"शोधलीस?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"असेल तर माझ्याच वयाची असेल," ब्रिजी म्हणाली. "तिच्या दारात जायचं होतं तुला. ते न करता इथं माझ्या स्वयंपाकघरात आलास." हे वाक्य भाषांतर करायला मी तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं.

नंतर डेक्लन मला पाहून नुसती हनुवटी हलवायचा. त्याचा राग माझ्यावर होता, काकांवर नव्हता, आणि ते बरोबरच होतं. एकदा कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "आई टॉमच्या शेताकडची खिडकी हल्ली उघडत नाही." एवढं बोलून डबा ढकलत गेला. काकांनीही वस्तू उलट्या करणं सोडलं. चहा प्यायचे आणि कप होता तसा ठेवायचे. बायकोनं एकदा मुद्दाम नवीन कप दिला, तरी बूड पाहिलं नाही.

परत जायला दोन आठवडे राहिले होते तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, चिठ्ठी टाइप करून दे. मारुतीच्या आईला. सातारा जिल्ह्यातलं गाव त्यांना चौकशीच्या कागदावरून तोंडपाठ होतं, इतकी वर्षं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. 'नळी मी पाहिली नव्हती' असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं, 'कदाचित घाईमुळे नळी नीट पाहिली गेली नसावी'. काका चष्मा लावून पडद्यावर वाचत होते हे मला ठाऊक नव्हतं.

"चूप बस अन् टाइप कर," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, काका, पंच्याऐंशीच्या पुढची असेल. तिच्या मनात ते आता कुठं निवलं असेल. ब्रिजीचं काय झालं, पाहिलं ना आपण? अजून बरंच बोललो. काकांनी सगळं ऐकलं आणि लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं.

"बरं झालं तू बोलला. चिठ्ठी नको. चिठ्ठी तिले कोनीतरी वाचून दाखवन. अन् तो तुह्यासारखा असन."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सुषमा काकांचा व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन हातात धरून आमच्या दारात आली. काकांनी तिला निघताना विमानतळावर सगळं सांगितलं होतं, बारशासकट. तेव्हापासून ती त्याविषयी कोणाशी बोलली नव्हती. आत्ता एकटीनं पाहवेना, एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मी शेजारी बसलो.

काकांना फोन कुठल्या बाजूनं धरायचा हे शेवटपर्यंत जमलं नाही. आधी त्यांचा कान दिसला, मग मारुतीच्या गावातला एक बोळ, पत्र्याची शेड, बांधलेली म्हैस, आणि बनियनवर उभा असलेला एक माणूस कुठंतरी हात दाखवत होता.

"जित्ती हाये म्हनते," काकांचा आवाज आला. "दिसत नाही तिले, पन ऐकू येते."

"बाबा, तिथल्या कोणाला तरी सोबत घ्या."

"सोबत कायले?"

पडद्यावर एक निळं दार हलत जवळ आलं. मग काकांनी फोन बंद केला असं समजून तो सदऱ्याच्या खिशात टाकला. पडदा काळसर झाला, कापडाची वीण तेवढी दिसत होती. चपला काढल्याचा आवाज. कडी दोनदा वाजली. बऱ्याच वेळानं आतून एक बारीक, चिरका आवाज: "कोन हाय?"

"मी इंगोले. नागपूरहून आलो, माय. तुमच्या मारुतीचं सांगाचं हाये."

काहीतरी सरकवलं गेलं, पाट असेल किंवा बाजलं. "बसा," ती बाई म्हणाली.

सुषमाचा अंगठा लाल बटणावर होता. मी म्हणालो, राहू दे ना चालू, त्यांना कुठं कळणार आहे.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन बंद केला.